दुकानासमोरचं बाकडं आणि देवनारचा रस्ता

*वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):*

काका, मी वरूड तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २३, बी.कॉम. झालं. बाबांचं किराणा दुकान आहे. भाऊ चाकणला कंपनीत आहे, तो काही परत येत नाही. कॉलेजात एकदा एका पाहुण्यांनी अमेरिकेतल्या एका तज्ज्ञाबद्दल सांगितलं होतं. लोकसंख्या म्हातारी होत गेली की धंद्यांचं काय होतं, याच्याच अभ्यासात त्या माणसाची सगळी कारकीर्द गेली म्हणे. ते डोक्यातून जात नाही, कारण आमच्या काउंटरवर मी दिवसभर तेच बघते. बाबा म्हणतात, "बुढ्यायचा अभ्यास करून कोनाचं पोट भरलं?" आई म्हणते आधी लग्न. असं काम खरंच असतं का? असेल तर दुकान सोडून शिकायला जाऊ का? आणि एक लहान गोष्ट. दुकानासमोरचं बाकडं बाबांनी मागच्या महिन्यात काढून टाकलं. म्हातारे दिवसभर बसून राहतात, घेत काही नाहीत, म्हणून. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते सांगता येत नाही.

*उत्तर:*

काका म्हणून लिहिलंस, तर मीही तुला अगंतुगं करतो बाई. बाकड्याचं शेवटी सांगतो. पत्रातली सगळ्यात हुशार ओळ तीच आहे आणि तू तिला लहान गोष्ट म्हणतेस.

ते पाहुणे बोलले ते बहुतेक जोसेफ कफलिन यांच्याबद्दल. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत त्यांनी १९९९ मध्ये 'एजलॅब' नावाची प्रयोगशाळा सुरू केली. हा माणूस मुळात डॉक्टर नाही की समाजसेवक नाही, वाहतुकीच्या अभ्यासातून आलेला. म्हातारी माणसं गाडी कशी चालवतात, चालवणं सुटलं की कशी फिरतात, कुठं जायची थांबतात, इथून सुरुवात झाली. जायची थांबली की खरेदी कुठून करणार, हा प्रश्न त्याच्या मागोमाग आलाच. त्यांच्याकडे एक पोशाख आहे, नाव 'ॲग्नेस'. तो चढवला की गुडघे, मान, पाठ आखडते, चष्म्यातून पिवळट, धुरकट दिसतं, पावलाला जमीन नीट लागत नाही. विशीतल्या पोरांना तो घालून दुकानात पाठवायचं आणि वरच्या फळीवरचं पाकीट काढून आणायला सांगायचं. पोरं दमून परत येतात.

त्याच्या आधी पॅट्रिशिया मूर नावाच्या बाईनं हे प्रयोगशाळेशिवाय करून पाहिलं होतं. १९७९ साली ती २६ वर्षांची होती, न्यूयॉर्कमध्ये वस्तूंचे आराखडे करणाऱ्या एका नामांकित कचेरीत कामाला. तिथं तिनं विचारलं, संधिवाताच्या माणसालाही उघडता येईल असं फ्रिजचं दार करायचं का? अशा लोकांसाठी आपण वस्तू करत नसतो, असं उत्तर मिळालं. मग ती म्हातारीचा वेष करून तीन वर्षं शंभरावर शहरांत फिरली. कानात बोळे, डोळ्यांवर धूसर दिसेल असा चष्मा, पायाला पट्ट्या. पुढं १९९० मध्ये अमेरिकेत जाड रबरी मुठीची स्वयंपाकघरातली अवजारं आली. सॅम फार्बर या उद्योजकाच्या बायकोला संधिवात होता, तिला पीलर धरवेना, त्यातून ती निघाली. ती घेतली मात्र सगळ्यांनी, धडधाकट हातांच्या लोकांनीही.

म्हणजे काम असतं. आता माझं सांगतो, कारण अमेरिकेच्या गोष्टीनं तुझे बाबा ऐकणार नाहीत.

मी नागपुरात बाजारपाहणीच्या कामात लागलो. घरोघर जाऊन विचारायचं, कोणता साबण वापरता, चहापत्ती कोणती. फॉर्मवर वयाचे रकाने असत : १८ ते २५, २६ ते ३५, ३६ ते ४५, आणि शेवटचा रकाना, '४५ च्या वर'. बस. माझा मोठा भाऊ आणि माझी माय एकाच रकान्यात! भाऊ स्कूटर घ्यायच्या गोष्टी करायचा आणि मायला अडकित्त्यानं सुपारी कातरता येत नव्हती. कंपनीच्या लेखी दोघं सारखेच गिऱ्हाईक. त्या रकान्यावर मी जो अडलो तो आजवर अडलेलाच आहे.

पुढं कळलं की रकाना बरोबर केला तरी त्यात लिहायला वय मिळत नाही. तुमच्याकडे कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असेल, बघ. वय विचारलं की साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडे येतात. लोकसंख्याशास्त्रात हे मोजायचं मापसुद्धा आहे, व्हिपलचा निर्देशांक म्हणतात त्याला. मी साधा उपाय करायचो. तुमच्या बाजूला मोवाडचा पूर विचारायचा. १९९१ चा तो पूर कुणी विसरलेलं नाही. 'पूर आला तेव्हा मोठी लेक नांदायला गेली होती का?' एवढं विचारलं की चहा होईपर्यंत वय बरोबर निघतं.

एक फजिती सांगतो. एका कंपनीला मी सल्ला दिला की ज्येष्ठांसाठी वेगळं पीठ काढा. चावायला नको, पचायला हलकं, पाकिटावर पांढऱ्या केसांचे हसरे आजी-आजोबा. पीठ चांगलं होतं. काटोलकडच्या एका दुकानदारानं सहा महिन्यांनी पाकिटं परत केली, वर म्हणाला, "साहेब, हे हातात घेऊन रस्त्यानं जाईन कोन? लोकं म्हणतीन, बुढा आता गेलाच." तसलंच पीठ लहान लेकरांचं म्हणून त्याच्याच दुकानात खपत होतं, आणि घेणारे बहुतेक बुढे. विचारलं तर सांगायचे, नातवासाठी. अमेरिकेत हाइन्झ कंपनीनं १९५५ च्या सुमारास अगदी हेच करून हात पोळून घेतले होते. म्हातारे लोक बाळांचं डबाबंद खाणं विकत घेतात हे पाहून त्यांनी ज्येष्ठांचे डबे काढले आणि ते पडून राहिले. ती गोष्ट मला नंतर कळली. आधी कळली असती तर कंपनीचा पैसा वाचला असता, पण मग काटोलचा तो दुकानदार मला भेटला नसता.

आता आकडे, थोडक्यात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे लोक ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९. २०२१ साठीचा अंदाज देशाला १०.१ आणि महाराष्ट्राला ११.७. राज्यात एका बाईला सरासरी १.७ मुलं (२०१९-२१ ची कुटुंब आरोग्य पाहणी), म्हणजे पिढीला पिढी पुरी पडत नाही. मुलं कमी आणि आयुष्य जास्त, ही दोन कारणं सगळीकडेच आहेत. खेड्याला तिसरं लागू होतं, ते तुझ्या भावासारखं एसटीत बसून जातं. राज्याच्या आकड्यात तुझा भाऊ धरलेला आहे, गावात मात्र तो नाही. म्हणून तुझं गाव राज्यापेक्षा पुष्कळ आधी म्हातारं झालं. पुढं शहरांवर काय येणार आहे ते तुला काउंटरवर आजच दिसतं. हे तू फुकटात शिकते आहेस आणि बाबांना वाटतं पोरगी नुसती बसली आहे.

काउंटरवर काय बघायचं? माझ्या मते हा सगळा विषय तीन प्रश्नांवर उभा आहे. वापरणार कोण, घ्यायला आलं कोण, पैसा कोणाचा. तरुण गिऱ्हाइकात बहुतेक वेळा तिन्ही एकच माणूस असतो. म्हाताऱ्याच्या बाबतीत तो फुटतो. साखर बुढीला, घ्यायला आलं शेजारचं पोरगं, आणि पुण्याहून मुलाचा फोन, 'काका, मायला दोन किलो द्या, फोनपे करतो.' अशा वेळी साखर कोणती द्यायची हे कोण ठरवतं? मुलगा म्हणतो चांगली द्या. बुढी निरोप धाडते, स्वस्तातली दे, उरलेल्याची चहापत्ती दे. तुझे बाबा कोणाचं ऐकतात? माझा अंदाज, बुढीचं. कारण उद्या पायरीवर तीच येऊन बसणार आहे.

आता पैशाची तारीख बघ. पूर्वी खेड्यातल्या उधारीच्या वह्या संत्र्याच्या, कपाशीच्या पैशावर फिटायच्या, वर्षातून एकदा-दोनदा. आज श्रावणबाळ, संजय गांधी निराधार या सरकारी योजनांचे महिन्याचे पैसे आहेत, लोक त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात. तो कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचा एकदम. आला की बँक मित्राकडे रांग. तिथं अंगठा लावायचा तर कापूस वेचून आणि निंदणात रेषा झिजलेल्या, मशीन ओळखत नाही. चार वेळा अंगठा पुसून लावणारी बाई तू पाहिलीच असशील. अंगठा उठला त्या दिवशी उधारी फिटते, नाही उठला तर वहीत आणखी एक ओळ. किराण्याचा धंदा अंगठ्याच्या रेषेवर अडलेला आहे, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. तू लिहू शकतेस.

तसंच एसटीचं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वर प्रवास फुकट, मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. चांगलंच झालं, माझी बहीण दर महिन्याला शेगावला जाऊन येते. पण जो बुढा गावातच साबण घ्यायचा तो आता वरूडला दवाखान्याच्या निमित्तानं जातो आणि येताना पिशवी भरून आणतो का? की गुडघ्यापायी वजन उचलवत नाही म्हणून जड सामान अजून तुमच्याकडूनच नेतो, तेल आणि साखर तुमची, गोळ्या आणि बिस्कीट वरूडचे? दोन महिने नुसतं पाहिलंस तर उत्तर मिळेल. त्यात रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. गहू-तांदूळ किती विकला जातो हेही बाबांच्या वहीत कमी झालेलं असणार.

दुकानाबाहेरही हेच चाललंय. सत्तरीचा बागाईतदार आता स्वतः संत्रा तोडून मंडीत नेत नाही, झाडावरच व्यापाऱ्याला बगीचा देऊन मोकळा होतो. रान बटईनं किंवा ठोक्यानं जातं. पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन फवारणारा नाही, म्हणून बॅटरीचा पंप येतो, नाहीतर फवारणारा माणूस रोजानं सांगावा लागतो. कृषी केंद्रवाल्याला विचार, त्याचं गिऱ्हाईक कसं बदललं. म्हातारपणाचा धंदा म्हणजे काठ्या आणि डायपर, असं जे म्हणतात त्यांनी बांधावर पाय ठेवलेला नसतो.

एक अवघड गोष्ट. वहीत नाव असलेला माणूस गेला, तर उधारीचं काय? मी विचारलेल्या बहुतेक दुकानदारांनी हेच सांगितलं की घरी मागायला जात नाहीत. तेरवीचं सामान आपल्याकडूनच जातं, पोरगा पुण्याहून येतो, बिल करताना विचारतो, "बाबाचं काही मागं होतं का?" विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर पान फाडायचं. यात धंदा किती आणि माणुसकी किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

फ्रँको मोदिग्लियानी यांना १९८५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा सिद्धांत ढोबळपणे असा की माणूस कमावत्या वयात साठवतो आणि म्हातारपणी ते खर्चतो. शिकायला गेलीस की हा तुला पहिल्या वर्षीच भेटेल. तेव्हा तुझ्या गावातली, सत्तरीत निंदायला जाणारी आणि निराधारच्या पैशातून नातवाचा रिचार्ज मारणारी बुढी डोळ्यांपुढे ठेव. सिद्धांत खोटा ठरत नाही, पण कोणासाठी लिहिला होता ते कळतं.

आता जरा जवळचं बोलतो. तू पत्रात सगळ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचं लिहिलंस, बाबांचं वय लिहिलं नाहीस. तुझा भाऊ मोठा असेल तर बाबा साठीच्या आसपास असतील. साखरेचं पोतं कोण उचलतं आता? वरूडहून माल कोण आणतं? लोकसंख्या म्हातारी झाली की गिऱ्हाईक बदलतं हे सगळे सांगतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की दुकानदारही म्हातारा होतो. जपानमध्ये सरकारनंच अंदाज काढला होता की २०२५ पर्यंत तिथल्या छोट्या-मध्यम व्यवसायांचे सुमारे २४.५ लाख मालक सत्तरीपार जातील आणि त्यांतल्या १२.७ लाखांना पुढं चालवणारा ठरलेला नाही. धंदा बुडत असतो म्हणून दुकानं बंद होतात असं थोडंच आहे. चांगली चालणारी दुकानंही मालकाच्या कंबरेपायी बंद होतात. मग गावातल्या बुढीनं तेल आणायचं कुठून? जपानात अशा लोकांना 'खरेदीचे निर्वासित' म्हणायला लागले. तिथं तोकुशिमा भागात २०१२ पासून छोट्या गाडीत किराणा, भाजी, मासळी भरून दारोदार नेणारा धंदा उभा राहिला, वस्तूमागं चार पैसे जास्त घेऊन. (आपल्याकडे बांगड्यावाली आणि चादरीवाला हेच करत आले, पण त्यांच्यावर कुणी शोधनिबंध लिहिला नाही.)

म्हणून 'दुकान सोडू का' हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही. बाबांना परवानगी मागू नकोस. एखाद्या संध्याकाळी गल्ला मोजून झाला की एवढंच विचार, "बाबा, दुकान तुम्ही किती वर्षं चालवणार, आणि मग?" ते चिडतील. चिडू दे. तुझ्या भावाला हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण दुकान त्याचं आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. तुला विचारला नाही, कारण तुझं नाही असं धरलं होतं. दोन्ही धरणं चुकलेली आहेत.

माझा सल्ला असा. एक वर्ष दुकानातच राहा, पण उधारीच्या वहीशेजारी तुझी एक वही ठेव. नावं लिहायची नाहीत, गाव लहान आहे, कुणाचं उघड्यावर यायला नको. रोज फक्त म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचं : कोण आलं, कोणासाठी, पैसा कोणाचा, आणि काय मागितलं पण मिळालं नाही. शेवटचा रकाना जपून भर. विकलेल्याचा हिशेब सगळेच ठेवतात.

त्या वर्षातच मुंबईच्या देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची, आयआयपीएसची, प्रवेशाची माहिती काढ. १९५६ ची संस्था आहे, अभिमत विद्यापीठ आहे. वार्धक्यावरची देशातली सगळ्यात मोठी पाहणी, जिला 'लासी' म्हणतात, तिचं काम याच संस्थेकडे होतं. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, पंचेचाळिशीच्या वरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जणांना विचारलं. अभ्यासकांना तो तपशील वापरायला मिळतो. त्यात महाराष्ट्र आहे, वरूड तालुका वेगळा दिसत नाही. तो तुझ्या वहीत दिसेल. मुलाखतीत काय बोलायचं असा प्रश्न पडला तर वही उघडायची.

पोट भरेल का? पहिली काही वर्षं जेमतेम. 'वार्धक्य आणि व्यवसाय तज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात मी आयुष्यात पाहिली नाही. माझ्या नेमणूकपत्रांवर पाहणी पर्यवेक्षक, मग ग्रामीण विक्री सल्लागार, मग नुसतंच सल्लागार असं लिहिलेलं होतं. विमा, बँका, औषधं, खाण्याच्या वस्तू, सरकारचं नियोजन, सगळीकडे हे काम दुसऱ्याच नावानं असतं. बाबांना सांग, पगार येतो, फक्त पाटी वेगळी असते.

लग्नाबद्दल मी बोलणार नाही. आईला एवढंच विचार की जावयाचं गाव कोणतंही असलं तरी तिथंही म्हातारे असतील ना?

आता बाकडं. माणूस म्हातारा झाला की त्याचं अंतर मैलात मोजायचं नसतं, थांब्यात मोजायचं असतं. घरापासून देवळाचा पार, पारापासून तुमचं बाकडं, बाकड्यापासून दवाखाना. मधला एक थांबा काढला की पुढचा सगळा रस्ता बंद. तुझ्या बाबांना वाटलं की बसणारे काही घेत नाहीत. बाकडं असताना आणि नसताना किती म्हातारी गिऱ्हाइकं येतात, त्याचा हिशेब कर. मागच्या महिन्याचा अर्धा प्रयोग त्यांनी करूनच ठेवलाय, उरलेला तू कर. परत लावताना पाठीला टेकू असलेलं लाव, बसायची उंची गुडघ्याच्या जरा वर, आणि दोन्ही बाजूंना हात, कारण बसणं सोपं असतं, उठताना धरायला काहीतरी लागतं. भिंतीच्या कोणत्या बाजूला दुपारी सावली असते ते आधी बघ. आणि दोन महिन्यांनी मला आकडे कळव.